हामानासु तालीम, तिची मालमत्ता आणि उबुकाता सावाएचं नाव

मी, शिमोसातो तोकिए, वय एकसष्ट, राहणार कावासाकी, व्यवसाय हामानासु महिला कुस्ती संघ चालवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. मान नाही. पुढच्या महिन्यात तिच्यावर तिसरी शस्त्रक्रिया आहे आणि डॉक्टर फार गोड बोलायला लागले आहेत, म्हणून ही तयारी.

कलम एक. तालीम, वरच्या दोन खोल्या, रिंग आणि रिंग वाहून नेणारा ट्रक हे सर्व कुनिसाकी हिनात्सु हिला मिळावे. ही सोळाव्या वर्षी माझ्याकडे आली, दोनदा पळून गेली, दोन्ही वेळा स्वतःच परत आली. आज तीच मुलींना शिकवते. अट एकच: मुलींवर हात उगारायचा नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी उगारला. माझ्या गुरूंनी मला मारलं म्हणून मी मुलींना मारलं, दुसरं काही कारण नव्हतं. ज्यांना मारलं त्यांची मी इथे माफी मागते. ट्रकचा दुसरा गिअर अडकतो, त्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

कलम दोन. बँकेतली शिल्लक जायबंदी झालेल्या मुलींच्या उपचाराला वापरावी. आमच्या संघातली असो वा दुसऱ्या, भेद करू नये.

कलम तीन. आईवडिलांचा देव्हारा धाकटा भाऊ मोरिओ याने न्यावा. हा गृहस्थ तीस वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांना "ताई टपाल खात्यात आहे" असं सांगत आला आणि माझी एकही कुस्ती बघायला आला नाही. त्याला देव्हाऱ्यासोबत माझं लाल पोशाखातलं सर्वांत मोठं पोस्टरही द्यावं, चौकटीसकट. लावायचं की माळ्यावर टाकायचं ते तो आणि त्याची बायको बघून घेतील.

कलम चार. माझे पोशाख मुलींनी वाटून घ्यावेत. कोणाच्याच अंगाला बसणार नाहीत, हल्लीच्या मुली काडीसारख्या. उसवून वापरावेत. स्वयंपाकाचं मोठं पातेलं तालमीबाहेर जाता कामा नये.

कलम पाच. इथवर लिहिताना हात थांबला नाही. आता थांबतो आहे.

सन १९८९, नोव्हेंबर. एका गावच्या व्यायामशाळेत उबुकाता सावाए हिच्याशी माझी अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी लढत होती. आम्ही एकाच दिवशी भरती झालेल्या, चार वर्षं एका अंथरुणावर झोपलेल्या. त्या रात्री कोण जिंकणार हे आमच्या तेव्हाच्या संघाच्या मालकांनी सकाळीच ठरवलं होतं: सावाए. आमच्या धंद्यात ही गोष्ट कागदावर आणायची नसते, पण मृत्युपत्रात आडपडदा ठेवून काय करू?

मला राग होता. पट्टा माझा हक्काचा, असं मला वाटत होतं. शेवटच्या डावात तिने मागून कंबर धरली. असं उचलून मागे फेकताना फेकली जाणारीने स्वतः उडी मारायची असते आणि हनुवटी छातीला लावायची असते. अर्धं वजन तिचं तिनेच उचलायचं. मी उडी मारली नाही. मुद्दाम अंग जड केलं. तिला मला उचलता येऊ नये, लोकांनी हसावं, एवढंच मनात होतं. तिने जीव खाऊन उचललं आणि मी डोक्यावर पडले. मान मोडली.

सगळ्यांनी सावाएला दोषी धरलं. प्रेक्षकांनी तिच्यावर बाटल्या फेकल्या, घरी पत्रं पाठवली. सहा महिन्यांत ती कुस्ती सोडून चोशीला गेली आणि तिने मासळीचं दुकान टाकलं. मी मात्र "मोडक्या मानेने परत उभी राहिलेली शिमोसातो" झाले. या संघाचं पहिलं तिकीट त्याच नावावर विकलं गेलं. चौतीस वर्षं मी गप्प राहिले. मला लाज वाटते.

सबब, माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या कार्यक्रमात, लढती सुरू होण्याआधी, हे कलम रिंगमध्ये उभं राहून मोठ्याने वाचून दाखवावे.

दिनांक ९ ऑक्टोबर २०२३.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीसाठी आमच्या कुस्त्यांचे पंच यागिहाशी यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, सही केली नाही.

"तोकिएबाई, मेल्यावर सांगायचं म्हणजे उत्तर ऐकायला लागू नये म्हणून ना?"

मी म्हटलं, "तुम्ही सही करा."

"आधी तिला फोन करा. मग करतो."

दोन दिवस फोन टाळला. आज सकाळी केला. सावाएने सगळं ऐकून घेतलं. मागे दुकानात कोणीतरी मासे कापत होतं.

ती म्हणाली, "हे मला सांगतेस? उचलणारीला कळत नाही होय? धोंड्यासारखी झाली होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दुसऱ्याच दिवशी, मालकांना. म्हणाले, ती तिकडे दवाखान्यात निपचित पडलीय आणि तू असं बोलतेस, लाज नाही वाटत? मग गप्प बसले."

मी तिला कलम पाचबद्दल सांगितलं. तिने मासे कापणाऱ्याला थांबायला सांगितलं.

"तोकिए, माझी आई गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत तिला वाटायचं, मी कोणाच्या तरी लेकीची मान मोडली. दरवर्षी देवळात जाऊन तुझ्या नावाने हात जोडायची. आता तू मेल्यावर कोणाला सांगणार? मला मेलेल्या बाईची माफी नको."

"मग काय करू?"

"तुमचा कार्यक्रम कधी आहे?"

"रविवारी. पास पाठवते."

"पास नको. तिकीट काढून येईन."

हिनात्सुला बोलावून सर्व सांगितलं. यानंतर लोक येईनासे झाले तर तुझ्या वाट्याला रिकामी तालीम येईल, हेही सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "बाई, रिकामी तर रिकामी. तुम्ही सांगा."

तरी कलम एक ते चार कायम. कलम पाचमधील वाचनाची सूचना मी पूर्ण शुद्धीत रद्द करत आहे. माझ्या मागे ते कोणीही वाचू नये. रविवार, १५ ऑक्टोबर रोजी दुपारी एक वाजता, पहिल्या लढतीआधी, उबुकाता सावाए समोर बसलेली असताना ते मी स्वतः सांगणार आहे.

सही: शिमोसातो तोकिए (शिक्का)

साक्षीदार:
१. यागिहाशी तामोत्सु, पंच. आता सही केली.
२. ओताके फुसानो, शेजारचं तोफूचं दुकान.

ठिकाण: कावासाकी
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२३