गाडी चमकवणाऱ्याची बायको

४ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. तक्रार तुमच्या धाकट्या भावाची आहे.

बसच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर ते महिनाभर नुसते झोपले. मग आमच्या मुलाने आपलं आपण फरशी झाडत फिरणारं ते चपटं यंत्र पाठवलं आणि यांच्या अंगात वारं शिरलं. पाठोपाठ भांडी घासायचं मशीन आलं, गाडीच्या सीटखालचा कचरा ओढणारा छोटा व्हॅक्युम आला, चाकात हवा भरायचा पंप आला, पाण्याचा फवारा मारणारी बंदूक आली. झाडणाऱ्या यंत्राला ते ‘शिकाऊ’ म्हणतात. शिकाऊ कामाला लागायच्या आधी मी खुर्च्या उचलायच्या, पायपुसणी गोळा करायची आणि पाय वर घेऊन बसायचं. परवा त्याने माझा लोकरीचा गुंडा ओढत नेला आणि सगळ्या खोल्यांमधून फिरून अर्धा स्वेटर घरालाच घातला.

मी मशीनमध्ये वाटी ठेवली की हे ती काढून पुन्हा ‘नीट’ लावतात. जन्मभर कामांच्या नावाने बोटं मोडली, आता ती गेली तर स्वतःच्याच घरात पाहुणी होऊन बसले आहे. आणि गाडी? रोज धुतात, पुसतात आणि दारात उभी ठेवतात. बाहेर काढली तर धूळ बसेल ना. मी पिशव्या घेऊन बसमधून उतरते, घरी येते आणि त्या गाडीच्या काचेत माझा घामाघूम चेहरा बघते.

काय करू ते सांगा. पाठीवर हात असू द्यावा.

आपली,
भावजय

१५ जानेवारी

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की चष्मा पुसावा लागला. मग जरा वेळाने वाईटही वाटलं. आमच्या ठोंब्याने लहानपणी आईचं शिवणयंत्र खोलून ‘सुधारलं’ होतं. त्यानंतर ते फक्त उलटं शिवायचं. त्याचा हेतू नेहमी चांगला असतो, पंचाईत तिथेच आहे.

यंत्रांनी वेळ वाचला ना? मग त्यातला थोडा तुझा. वेळ नाही म्हणून जे जे राहून गेलं, त्यातलं एक धर आणि सुरू कर. त्याला विचारू नकोस. विचारलंस तर तो त्याच्यासाठीही मशीन आणेल.

लिहीत राहा, इकडची माया आटणारी नाही.

तुझी,
नणंद

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी तुला सहसा लिहीत नाही, त्यामुळे कारण असणार हे तू ओळखलंच असशील.

सौ. रोज दुपारी बाहेर जाते. फिरायला, असं सांगते. परत येते ती घामेजलेली, हात थोडे थरथरत असतात, पण चपलांना धूळ नसते. मी जन्मभर गाड्यांचं दुखणं आवाजावरून ओळखलं आहे ताई, एवढं मला दिसतं. चालायला जात नाही, हे नक्की. मग कुठे जाते? काही दुखणं तर लपवत नाही ना? तुला ती सगळं सांगते, म्हणून विचारतो.

मी तिला काडीचंही काम पडू देत नाही, तरी ती खूश नाही. घरात दिवसभर काही ना काही घरघरत असतं. परवा सगळं बंद करून बसलो, तर ती घरात नव्हती. मला भीती वाटते आहे.

काय असेल ते खरं कळव. रागव, पण कळव.

तुझा,
ठोंब्या

६ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला काही न विचारता यांचं पत्रच माझ्याकडे धाडलंत. वाचून रडू आलं आणि हसूही. त्याच संध्याकाळी सांगणार होते, पण त्याआधीच सगळं झालं.

मी गाडी चालवायला शिकत होते. शिकवणारी बाई माझ्या सुनेच्या वयाची, पण आवाज हवालदाराचा. तिच्या गाडीला चारी बाजूंनी पोचे आणि सीटवर बिस्किटांचा चुरा. इतक्या दिवसांनी मला कुठेतरी घरच्यासारखं वाटलं. क्लच सोडताना स्टिअरिंगवरचे हात थरथरायचे ते घरी येईपर्यंत, तेच यांनी पाहिलं. मागच्या आठवड्यात लायसन मिळालं.

गुरुवारी हे गाडीत वाकून सीटखालचा कचरा ओढत होते आणि कंबर अशी धरली की आत जाता येईना, बाहेर येता येईना. दारातून नुसते पाय दिसत होते. शेजाऱ्यांनी मागच्या सीटवर आडवं केलं. मी किल्ली मागितली. एवढ्या कळा येत असताना म्हणाले, “आत्ताच पुसली आहे.” मग माझ्याकडे नीट बघितलं आणि किल्ली दिली.

दवाखान्याचा रस्ता खणलेला, सगळीकडे चिखल. एकदा गाडी बंद पडली, मागचे हॉर्न वाजवायला लागले. वाटलं, आता हे सूचना देणार. पण यांनी हळूच एवढंच विचारलं, “तुला काही आजार नाही ना?” मी नाही म्हणाले आणि गाडी पुन्हा सुरू केली.

डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली आहे. काळजी नसावी.

आपली,
भावजय

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कंबर आता बरी आहे. शिकाऊ कोपऱ्यात बसून आहे, कारण खुर्च्या उचलायला माझ्याखेरीज कुणी तयार नाही आणि मला परवानगी नाही. गाडीचा रंग कोणता होता, हे आठवावं लागतं. सौ. मैत्रिणींना घेऊन कुठे कुठे जाते. पहिले दोन दिवस मी गॅलरीतून गाडी परत येताना बघायचो आणि चिखलच बघायचो. आता ती आली का, ते बघतो.

परवा मला शेजारी बसवून नेलं. तुला सांगतो ताई, गाडी चालवताना ती गुणगुणते. इतकी वर्षं एका घरात काढली, मला माहीत नव्हतं. तिसरा गिअर जरा उशिरा टाकते, पण बोललो नाही. बोललो असतो तर गुणगुणणं थांबलं असतं.

रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येत आहोत. ती चालवणार आहे, आणि लांबच्या रस्त्याने.

तुझा,
ठोंब्या