आईची पायरी

दि. ९ मार्च

प्रिय धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि ट्रकचा फोटो मिळाला. इकडे सगळं ठीक आहे. आई म्हणाली, "गाडी झकास दिसतेय असं लिही त्याला." लिहिलं. आता माझं ऐक.

आधी तुझे प्रश्न. दारावरची लांबी, ती पुट्टी, तडकते, कारण तू ती गंजावरच थापलीस. झाकला म्हणून गंज मरत नाही. चुंबक फिरवून बघ. जिथे चिकटणार नाही तिथे नुसता लांबीचा थर आहे. तो खरवड, पत्रा उजळ होईपर्यंत घास. भोक पडलं तर पडू दे, तिथे नवा पत्रा जोड. मग प्रायमर, मग रंग. आणि रंगाच्या आधी ब्रेकचे पाइप आणि रबरं बदलायची असतात, शहाण्या! गाडी वेळेवर थांबली नाही तर ती चमक काय चाटायची आहे? बाबांच्या गॅरेजात वाढलास आणि हे मी लिहून कळवायचं.

सीट कव्हरचं तुझं तू बघ.

फोटो बघून माझं डोकं फिरलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीनं. बाजूच्या दाराखालची लोखंडी पायरी कुठे गेली? वर ऐटीत लिहितोस, 'नंतर चिकटवलेलं सगळं कापून काढलं, आता गाडी अगदी कंपनीतून आली तशी.' चिकटवलेलं! आईचा गुडघा वाकेनासा झाला तेव्हा बाबांनी जुन्या खाटेचं लोखंड कापून ती पायरी केली. पाय सरकू नये म्हणून वर खडबडीत पत्रा बसवला. हाताला गार लागू नये म्हणून दाराच्या दांडीला सायकलची ट्यूब गुंडाळली. तीही ओरबाडून काढलीस. कंपनीला आईचा गुडघा माहीत नव्हता, बाबांना होता. तुलाही होता.

बाबा गेल्यावर ट्रक तू नेलास, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, निदान काय ठेवायचं एवढं तरी तुला कळेल.

पुढच्या रविवारी येऊन आईला पहिली चक्कर मारून आणणार म्हणतोस. चढणार कशी ती? पोत्यासारखी उचलून ठेवशील? तिनं कधी कुणाला हात लावू दिलाय का?

तिनं फोटो बराच वेळ पाहिला. "माझी पायरी काढली वाटतं," एवढंच म्हणाली, आणि लगेच तुझी बाजू घेतली. "असू दे गं, हौसेनं केलंय त्यानं. त्याला काही बोलू नकोस." मी गप्प बसणारच होते. पत्रात फक्त लांबीचं लिहायचं ठरवलं होतं. पण नाही राहवत.

फोटो आल्यापासून आई रोज दुपारी गॅरेजात येते, एक रिकामं खोकं उलटं घालते आणि दाराची चौकट धरून त्यावर चढायला बघते. विचारलं तर म्हणते, "सराव करतेय. ऐन वेळी चढता आलं नाही तर पोराचं तोंड उतरेल." काल खोकं सरकलं. हाड मोडलं नाही, पण कोपर चांगलंच सोलवटलंय. हे तुला कळता कामा नये, अशी तिनं मला शपथ घातली आहे. फोनवर बोलले असते तर तिनं ऐकलं असतं, म्हणून हे पत्र. काल तू समोर असतास तर हातातला पाना फेकून मारला असता.

पायरी भंगारात घातली असशील तर नवी कर. दाराखालच्या पत्र्याला जोडू नकोस, फाटेल. खालच्या सांगाड्याला, चासीला, नट-बोल्टनं घट्ट आवळ. आईचं अख्खं पाऊल मावेल एवढी रुंद हवी. वरच्या पत्र्याला गुळगुळीत रंग फासू नकोस, घसरायला होतं. मग पायरीवर उभा राहून उड्या मार, लहानपणी मारायचास तशा. हलली तर पुन्हा कर.

पायरीशिवाय गाडी गल्लीत दिसली तर मी दार उघडणार नाही. आई कितीही ओरडली तरी.

खोकं मी लपवून ठेवलंय. ती आता दुसरं शोधतेय. लवकर ये.

तुझ्यावर भडकलेली,
ताई