निळ्या रेशमाचे टाके

सोमवार, ७ नोव्हेंबर १९३८. मुरबाड

जिवंत आहे!

हे लिहिताना तो पायाशी माझ्या जुन्या शालीवर पडला आहे. पोट वरखाली होतंय. दर दोन ओळींनंतर मी वाकून बघते आहे.

दुपारी शेजारच्या धोंडीबाईचा रघू अंगणात धावत आला. खांद्यावर घोंगडी, घोंगडीत माझा सीझर. पोट फाटलेलं, आतडं बाहेर, त्याला भाताचा भुसा चिकटलेला. "बाई, डुकरानं मारला— शेवटचं खाचर कापत हुतो, तर आय—" पुढं काय ते मी ऐकूनच घेतलं नाही. "माझा कुत्रा तुझ्या खाचरात कशाला? रानडुकरं हाकायला तुम्हाला माझाच सापडला?" रघूनं घोंगडी खाली ठेवली. मग मीच ओरडले, "उभा काय राहिलास? गुरांचे डॉक्टर आलेत ना गावात? घेऊन ये!"

देवाची कृपा म्हणतात ती हीच. शहापूरचे डॉक्टर नाबर बैलांना टोचायला म्हणून कालच इथं आलेले. नाहीतर शहापूर गाठेपर्यंत सीझर गाडीतच संपला असता. डॉक्टर अगदी पोरसवदा. वयानं माझ्या शेवटच्या मॅट्रिकच्या वर्गात शोभले असते. घाबरत म्हणाले, "बाई, मी आजवर गुरांचीच पोटं शिवलीत."

"मग हे वासरू समजा," मी म्हटलं.

जेवणाच्या टेबलावरच ऑपरेशन केलं. ज्या टेबलावर मी जन्मभर पोरींचे निबंध तपासले, त्याच टेबलावर! क्लोरोफॉर्मचा रुमाल मी धरला, पाय रघूनं धरले. आतड्याचा वीतभर तुकडा काळानिळा पडला होता. तो कापून टाकला आणि दोन्ही टोकं जोडली. आतलं शिवून होतं न होतं तोच डॉक्टरांचा दोरा संपला! कातडं तसंच उघडं, आणि हे गृहस्थ माझ्याकडे बघत उभे. मी कपाटातून भरतकामाचं रेशीम काढलं. पांढरं संपलेलं, निळं होतं. तेच उकळून दिलं.

टाके मात्र भलतेच वेडेवाकडे! कॉन्व्हेंटात आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर अ‍ॅग्नेसनी सगळे उसवायला लावले असते. ते मी डॉक्टरांना सांगणारही होते. पण त्यांनी हात धुता धुता मागं वळून पाहिलं तेव्हा मी नुसता टॉवेल पुढं केला. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच असं झालं असेल.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

पहाटे ग्रहण होतं. सगळं गाव नदीवर आंघोळीला. मी इथंच बसून होते. दोन दिवस पोटात काही जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, तेव्हा ग्रहणाचा उपास सीझरला आपोआपच घडला. ओल्या कापसानं जीभ तेवढी भिजवते. त्यानं माझं बोट चाटलं!

गुरुवार, १० नोव्हेंबर

पेजेचे चार चमचे. पोटात राहिले! उलटी नाही. मी टाळ्या वाजवल्या, एकटीनंच.

डॉक्टर आज शहापूरला परत गेले. जाताना पथ्य सांगितलं. तांदळाची पातळ पेज, तीही थोडी थोडी. मसाला नको, मीठ नको, हाड तर अजिबातच नको. "चार दिवसांनी दूध सुरू करा, पण ते सोसलं तर—"

"दूध कोणाला सोसत नाही?" मी म्हटलं. "कॉन्व्हेंटात आम्ही आजारी पडलो की आधी दुधाचा पेला पुढं यायचा."

हसले आणि सायकलवर बसले. फी घेतली नाही. "बाई, वासराची फी सरकार देतं," म्हणाले. टाके कसे काढायचे ते सांगून गेलेत, आयोडीनची बाटलीही ठेवून गेलेत. या मुलाच्या आईला कुठंतरी भेटलं पाहिजे, आणि सांगितलं पाहिजे.

रविवार, १३ नोव्हेंबर

उभा राहिला! चारी पाय लटलटत होते, शेपूट मात्र ताठ. लगेच बसला. पण उभा राहिला, मी स्वतः पाहिलं.

आज माझ्या अंगणाचा बाजार झाला. लहानीनं उकडलेलं अंडं आणलं. काशीनं पदरात बांधून सुकट आणली. भिमानं पानात बांधून भाजलेला ससा! कुत्रा आहे की जावई? सगळं परत पाठवलं. पथ्य हा शब्द या गावानं कधी ऐकलाच नसावा. "थोडंसं, बाई, वाईच" म्हणे! त्या वाईचनंच माणसं मरतात.

धोंडीबाईही आली. लंगडत, पोटरीला चिंधी गुंडाळून. पाय मुरगळलाय म्हणते, पाणी भरायला रघूला धाडते. बरा मुरगळला! सीझरजवळ खाली बसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग मला म्हणाली, "बाई, त्या दिशी शेतात—"

"शेताचं नाव काढू नकोस माझ्यापुढं," मी म्हटलं. "तुमच्या भाताच्या लोभापायी मुक्या जनावराची ही दशा झाली."

उठून गेली. मग मला जरा बरं वाटलं नाही. पण मी चूक काय बोलले?

मंगळवार, १५ नोव्हेंबर

कालपासून दूध सुरू केलं. रतीबवाल्या कमळूच्या म्हशीचं, ताजं. वाडगा चाटून पुसून ठेवला. आता अंगावर मांस धरेल.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

पोट बिघडलं. काल तीनदा, आज विचारू नये. सगळी पडवी धुऊन काढली. नक्की कोणीतरी माझ्या पाठीमागं त्याला काहीतरी घातलंय. सुकट असणार. सुकटीचा वास मला कळतो!

शनिवार, १९ नोव्हेंबर

टाके काढले. उसवण्याचं शिक्षण मला कॉन्व्हेंटानं भरपूर दिलेलं आहे. एका चुकीच्या टाक्यासाठी सिस्टर अ‍ॅग्नेस अख्खी ओळ उसवायला लावत. तेव्हा त्यांचा राग यायचा. आज कात्री कुठं चुकली नाही, दोरा ओढला गेला नाही, सीझरनं एकदाच हुंकार दिला. सिस्टर, तुमचे फार उपकार आहेत.

जखम बंद! स्वच्छ, गुलाबी. निळ्या रेशमाचे तुकडे डबीत ठेवलेत. टाकवेना.

पण तो वाळत चाललाय. फासळ्या मोजता येतात. दुधाचं प्रमाण वाढवलंय, निदान तेवढी तरी ताकद.

सोमवार, २१ नोव्हेंबर

आज धोंडीबाईला बोलले. सगळं बोलले.

कुंपणापाशी उभी होती, पदराखाली वाडगा. मी धरलंच. "काय आहे त्यात? दाखव!"

"पेजच हाय, बाई. नागलीची."

"आणि सुकट कोण घालतं? तूच! त्याच्या पोटातली आतडी शिवलेली आहेत. तू त्याला मारतेस, धोंडीबाई. एकदा शेतात मारलंस, आता घरी मारतेस."

तिनं वाडगा कुंपणावर ठेवला. म्हणाली, "आमी नाय काय घातला, बाई. खंडोबाची आन." आणि गेली. चिंधी पायात अडकली तेव्हा कुंपणाला धरून उभी राहिली जराशी, तेवढंच.

वाडग्यात पेजच होती, नाचणीची.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

रात्रंदिवस तेच. डोळे खोल गेलेत. हाक मारली तर शेपूट हलवतो, पण उठत नाही. डॉक्टर दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात भेटतील असा शहापूरहून निरोप. पुढच्या आठवड्यापर्यंत तरी हा राहील का?

आणि परवा चंपाषष्ठी! त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि नागलीचे रोडगे आधी खंडोबाला, मग कुत्र्याला. प्रत्येक घर कुत्र्याला जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवत नाही. गावातली निम्मी कुत्री त्या दिवशी अंगणात लोळून ओरडतात. आणि सीझर तर या लोकांना आता देवाचाच कुत्रा वाटायला लागलाय. रघूकरवी गावाला निरोप धाडला: माझ्या फाटकापाशी कोणीही आलं तर याद राखा! फाटकाला कुलूप घातलंय.

रविवार, २७ नोव्हेंबर

आले. सगळे आले.

सकाळीच पाहिलं, फाटकाबाहेर माणसंच माणसं. लहानी, काशी, भिमा, कमळू, गावातल्या बाकीच्या बायका, पोरं, आणि प्रत्येकाच्या हातात ताट. मी काठी घेऊन बाहेर पडले. काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर तयार होतं.

कोणी फाटकाला हातसुद्धा लावला नाही. लहानी पुढं आली. पडवीतल्या सीझरला दिसेल असं ताट वर उचललं, कपाळाला लावलं, वाकली आणि मागं फिरली. देवळापाशी दुसरी कुत्री बसली होती, त्यांना तिनं ते घातलं. मग काशी. मग भिमा. एकेक करून सगळ्यांनी तसंच केलं.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"धोंडीबाईनं सांगतलं," कमळू म्हणाला. "म्हनली, त्याला नुसता वास दावा. बाईंचं पथ्य मोडायचा नाय."

धोंडीबाई सगळ्यात शेवटी होती, काठीला टेकून. तिनंही ताट उचललं. माझ्याकडे पाहिलं नाही.

काठी हातात तशीच धरून मी घरात आले. आत आले आणि रडले. का ते मला विचारू नये.

कमळूनं आज रतीब घातला नाही. सगळं दूध देवाच्या अभिषेकाला गेलं. सीझरला दिवसभर नुसती पेज. मग धोंडीबाईनं तेव्हा ठेवलेल्या वाडग्याची आठवण झाली म्हणून पीठ काढून नागलीची केली. प्यायला.

सोमवार, २८ नोव्हेंबर

घट्ट!! पडवी कोरडी.

माझ्या शाळेच्या पोरी मॅट्रिकला पहिल्या आल्या तेव्हाही मी एवढी हरखले नव्हते. हे शहाण्या माणसानं लिहून ठेवायचं नसतं. मी ठेवते.

उभा राहिला आणि फाटकापर्यंत चालत गेला. देवा, मी तुझे आभार मानते. फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्यांचेही मानते. कोणाचे आधी, ते तूच ठरव.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

आजही उत्तम. बक्षीस म्हणून संध्याकाळी भरपूर दूध दिलं. कमळूनं आज दुप्पट घातलं, काल-परवाचं भरून काढायला.

बुधवार, ३० नोव्हेंबर

पुन्हा पडवी धुतली.

सुकट नाही. भरीत नाही. कोणी आलेलंच नाही, फाटकाला कुलूप आहे. मग काय? बसून मी सगळं मागं मागं जात आठवलं. दूध सुरू केलं, आणि बिघडलं. दूध नव्हतं, आणि बरं झालं. दूध दिलं, आणि पुन्हा बिघडलं. पाचवीतल्या पोरीनं फळ्यावर सोडवलं असतं!

"सोसलं तर—" असं म्हणत होते डॉक्टर. मी बोलू दिलं असतं तर पुढंही काही म्हणाले असते.

मीच. रोज वाडगा भरून, लाडानं, मीच.

कमळूला सांगितलं, दूध बंद. डोकं खाजवत म्हणाला, "मग तुमाला तरी घ्या, बाई. वाळलात तुमी बी."

गुरुवार, १ डिसेंबर

बरा आहे. पेज प्यायला, सगळी पचली. धोंडीबाईकडे जायचं आहे. आज गेले नाही. काय बोलायचं ते जुळत नाही. इंग्रजीतून माफी कशी मागावी याचा एक संपूर्ण धडा मी पोरींना शिकवत असे.

शुक्रवार, २ डिसेंबर

गेले. ती ओटीवर पाय लांब करून बसली होती, चिंधी सोडलेली. मला पाहून लुगडं खाली ओढलं. पण मी पाहिलं. मुरगळलेला पाय कुठला! पोटरीवर सुळ्याची जखम, अजून ओली. सीझरच्या पोटावर होती तशीच.

"वाकून कापत हुते, बाई. डुकर दिसलाच नाय. एकदा मारलान् आणि परत फिरला. सीझर मधी आला म्हनून मी हाय." मग चिंधी पुन्हा गुंडाळत, "येकदा सांगाया आलते. मंग तुमाला कंच्या तोंडानं सांगू? त्यो मेला असता तर? मीच सगल्यांना आन घातली, बाईंना बोलू नका."

मी मध्ये एक शब्द बोलले नाही. ती थांबेपर्यंत थांबले.

तिला आधार देऊन घरी आणलं. आयोडीन उरलं होतं. लावलं तेव्हा ओरडली, "हळू गो!" मला कोणी असं बरोबरीनं गो म्हटलेलं हे पहिल्यांदाच.

सीझर उठून तिच्या पायापाशी जाऊन पडलाय. उद्यापासून पेज दोघांची. धोंडीबाईच्या पेजेत मीठ घालायचं.