थांबल्यावर वाजणारी तार

प्रिय रेचल,

तुझ्या जोनाथनने गेल्या भेटीत माझ्याकडे ठेवून दिलेली गिटार मी शिकू लागलो आहे, हे वाचून तू हसशील. हसून घे. कारण मात्र संगीताचे नाही. एका शुक्रवारी शब्बाथच्या प्रार्थनेला मनुकांच्या सरबताचा पेला उचलण्यापूर्वी, टेबलावर टेकलेला माझा उजवा हात मला थरथरताना दिसला, आणि आईचा कंपवात आठवला. आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाने एका पुराव्यावर निकाल देऊ नये. मी स्वतःला संशयाचा फायदा दिला. जो हात नवे काही शिकू शकतो तो आजारी नसतो, असा माझा युक्तिवाद.

आमच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून वरसे येथे मृणालीच्या गिटारच्या क्लासला जातो. आरंभीचे दिवस अपमानाचे होते. डाव्या हाताची बोटे सोलली, तार नीट दबेना, सुराऐवजी पातेले खरवडल्यासारखा आवाज निघे. मृणाली वयाने नातीएवढी, जीभ मात्र तिखट. "आजोबा, तार दाबायची हाय, तिचा गळा नाय!" शेजारी बसणारा प्रणित कंपनीतली शिफ्ट संपवून येतो. तो कुरकुरे, "वकीलसाहेब, मशीनवर पण बोटं एवढी दुखत नाय हो." खरे सांगतो, त्या वैतागात मला आसरा होता. नवशिक्यांचे हात चुकायचेच. त्यांच्या गर्दीत माझा हात लपून राही. म्हणून मी एकही दिवस खाडा केला नाही.

आणि डावा हात शिकला. गेल्या मंगळवारी सूर स्वच्छ लागला. प्रणितने शाबासकी दिली. मी उजवा अंगठा तारेवर टेकवून स्वस्थ बसलो. खोली शांत झाली, आणि तार पुन्हा वाजू लागली, बारीक, एकसारखी. मृणालीचे डोळे चमकले. "ओ आजोबा, ही थरथर कुठं शिकलात? मी तर अजून शिकवली नाय!"

मी हसलो. परतताना पुलावर मात्र कठडा धरून उभा राहिलो. नवशिक्याचा हात वाजवताना चुकतो. माझा थांबल्यावर चुकत होता. आईचाही भाकरी थापताना कधी हलला नाही. मांडीवर विसावला की थरथरे. चिकाटीने शिकून मी माझाच बचाव मोडून काढला.

सोमवारी पेणच्या डॉक्टरांकडे जायचे आहे. रेचल, मला भीती वाटते. फोन केला नाही, कारण फोनवर मी वकिलासारखा बोललो असतो आणि तू विश्वास ठेवला असतास. तू तिकडे परदेशात आयुष्यभर कंपवाताच्याच रुग्णांची शुश्रूषा केलीस. आईची अखेरची पत्रेही तुला ठाऊक आहेत; कंपवाताने ओळीगणिक बारीक होत मुंगीएवढी झालेली ती अक्षरे. हे हाताने लिहिले आहे आणि याचा फोटो पाठवत आहे. मजकूर वाचून झाला असेल तर तो आता बाजूला ठेव. पहिली ओळ आणि ही ओळ मोठी करून शेजारी शेजारी पाहा, आणि मला धीर देऊ नकोस, खरे सांग.

तुझाच,
सामादादा