महिनाभर चाळीसच्या आत

सुकन्या,

आबाची येझदी फटफटी चालू झाली! दुसऱ्याच किकला! तू झोपलेली व्हतीस म्हणून ढकलत पार वेशीपर्यंत नेली आन तिथं चालू केली. आबा गेल्यापासून पोत्याखाली पडलेलं इंजिन हाय, कुणाला खरं वाटायचं न्हाई.

पिस्टन नवा घातला. ठिणगी पाडणारं जुनं प्लॅटिन काढून इलेक्ट्रॉनिक बसवलं, म्हंजी पावसाळ्यात बी रुसायची न्हाई. टायमिंगच्या खुणा करायला तुझी लाल नेलपॉलिश घेतली, ती संपली. भांडू नको.

चावी दुधाच्या पातेल्यापाशी ठिवलीय. पेट्रोलात ऑइल टाकलंय. गिअरचीच दांडी आत दाबून वर फिरवायची, तीच किक बनती. पिस्टन बसायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर चाळीसच्या वर पळवायची न्हाई. पण रोज चालली पायजे.

जीप भरल्याबिगर निघत न्हाई आन ड्यूटीला उशीर झाला की दवाखान्यात रोज तुला बोलणी खावी लागतात, म्हणून तू तिथंच केजात ऱ्हायला खोली बघितलीस. तुझं काई चुकलं न्हाई. पण हा एक महिना गाडीवर जाऊन-येऊन बघ. तवर खोलीवाल्याला हो म्हणू नको.

मी समोर आसलो तर तू नकोच म्हणशील, म्हणून रस्त्याकडंच्या वावरात चाललोय. तिथं गाडीचा आवाज येतो. सकाळी जातानाचा तर ऐकीनच, पण संध्याकाळी येतानाचा ऐकल्याबिगर मी घरी यायचा न्हाई.

तुझा भागवत