आधी दाढी, मग भाकरी

कडाव

ती. ठकूआत्यास,

प्रीतमचा जय भीम. तुझे गुडघे रसायनीच्या घराचा जिना चढू देतात का आणि आतोबांचा खोकला थांबला का, ते खरंखरं कळव. (फोनवर तू सगळ्यालाच "बरं हाय" म्हणतेस, म्हणून पत्र.)

आपलं सलून पुन्हा उघडलं, पण आता तिथे जेवायला वाढतात. कल्पना तुझ्या सूनबाईची, मेघाची. तिचं म्हणणं, गावच्या न्हाव्याने आपल्या माणसांच्या डोक्याला हात लावला नाही म्हणून बुधाजी आजोबा ज्या जागेत स्वतः वस्तरा धरायला शिकले, ती जागा मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायची नाही. भिंत खरवडली तर निळ्या रंगाखाली आजोबांची अक्षरं निघाली : "सरवांचे केस कापले जातील." आम्ही ती तशीच ठेवली. (जेवणाच्या ठिकाणी केसांचं नाव बरं दिसत नाही, असं रंगारी म्हणाला.) खुर्च्याही त्याच, त्यामुळे गिऱ्हाईक आरशात बघत जेवतं. पहिल्याच दिवशी फार्महाऊसवरच्या एका साहेबांनी खुर्चीचा दांडा ओढला आणि सोलकढीसकट आडवे झाले. मेघाने घाईने त्यांच्या गळ्यात सलूनचा कपडा बांधला, तर ते खूश. त्यांना वाटलं, हे सगळं ठरवूनच केलंय.

तेवढ्यात वरच्या आळीतले कोंडाजी काठी टेकत आले. शेजारच्या खुर्चीत बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले.

मेघा म्हणाली, "कोंडाजीबाबा, आता हितं जेवाण मिळतं."

"मिळू दे. आधी दाढी."

आत्या, मी पतपेढीतला कारकून. पण आजोबांच्या खुर्चीतून कुणाला तसंच उठवायचं माझ्याच्याने होईना. काचेच्या कपाटात मांडलेला आजोबांचा ब्रश काढला, फेस केला आणि माझ्याच रेझरने जमेल तशी दाढी केली. मग साहेबांनीही गाल पुढे केला.

माझे वडील सांगायचे, कोंडाजींनी जन्मभर आपल्याकडे दाढी केली, पण आपल्या माठातलं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. तहान लागली की अर्ध्या दाढीने घरी जाऊन पिऊन यायचे. त्यामुळे मेघाने भाकरी आणि सुकटीचं कालवण पुढे ठेवलं तेव्हा मी ब्रश धुवायचा थांबलो. त्यांनी भाकरी मोडली आणि ताट पुसून खाल्लं. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

बाकी इकडे ठीक. आतोबांना जय भीम सांग.

तुझा,
प्रीतम

ता.क. उठताना कोंडाजी म्हणाले, "बरं हाय, पन ठकूच्या कालवणाची चव नाय." पाणीसुद्धा न पिणाऱ्या माणसाला तुझं कालवण कसं ठाऊक, असं मेघा मला सारखी विचारतेय. तू आजोबांचा डबा मागच्या दाराने आणायचीस, एवढंच मला माहीत. (उत्तर फोनवर देऊ नकोस, आतोबा स्पीकर लावतात.)

ता.क. दुसरा. रविवारी ये आणि मेघाला कालवण शिकव. पत्र खरं त्यासाठीच. तू कधी येणार, हे कोंडाजींनीही विचारलं. रविवारी म्हटल्यावर म्हणाले, "मग शनवारी येतो रं दाढीला."