आईचा सूर, एक पट्टी खाली

प्रिय बारके,

आई पेटीच्या काळी पाच पट्टीत गात नव्हती. ती काळी चारमध्ये गायची, म्हणजे आपण समजत होतो त्यापेक्षा पुरा एक सूर खाली. काल दुपारी जुनी ध्वनिमुद्रणं उतरवून देणाऱ्या माणसाचा फोन आला, त्याने हे खात्री करून सांगितलं. तुझ्या लेकीला शिकायला आजीचं गाणं हवंय असं तू कळवलंस, म्हणून आईच्या गाण्याचं ते एकुलतं रीळ मी त्याच्याकडे दिलं होतं. सोबत आपल्या घरच्या टेपरेकॉर्डरवरून भरलेली तुझी कॅसेटही दिली. दोन्ही शेजारी लावल्यावर कॅसेट एक सूर वर निघाली. खरं कोणतं, हे त्याने रिळावर उमटलेल्या विजेच्या बारीक गुणगुणीवरून ठरवलं; ती गुणगुण नेहमी एकाच सुरात असते. माणूस चुकतो हो, वीज सहसा चुकत नाही, म्हणाला.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, मी अकरा. तिचं बोलणं मला आठवतं, गाणं मात्र टेपमधलंच. आई गेल्यापासून ते टेपचं मशीन बंदच पडून होतं; मी ते उघडलं तेव्हा दुरुस्तीच्या दुकानात नुकताच हाताखाली लागलो होतो. मोटरचं चाक झिजलं होतं. तसलं मिळेना, म्हणून दुसऱ्या मशीनचं काढून बसवलं. अर्ध्या सुताने मोठं होतं, पण पट्टा घट्ट बसला, रीळ फिरलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, ही अशी धावत नव्हती रे. मी म्हटलं, बाबा, इतक्या वर्षांनी तुम्हाला काय आठवणार. ते आत वळले. पोराने पहिल्यांदाच काहीतरी दुरुस्त केलं होतं, त्याचं मन कशाला मोडायचं, असं वाटलं असेल.

मग तू शाळेतून आलीस की दप्तर टाकून त्या मशीनसमोर. तुझ्या ताना, तुझं श्वास घेणं, सगळं त्या वेगावर घडलं. रीळ संपल्यामुळे आईची शेवटची ओळ अर्धी राहिली होती, तर तूही तिथेच थांबायचीस. ऐकणाऱ्यांना वाटायचं, ही या घरची खास पद्धत. गाण्याच्या बाई सांगून थकल्या, सूर खाली घे, गळा ताणतोय. तू म्हणायचीस, आईचा सूर सोडणार नाही. वर मी होतोच मीठ चोळायला: आईला जमायचं, तुला काय धाड भरलीय?

विसाव्या वर्षी भर कार्यक्रमात तुझा आवाज फुटला. डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठी सांगितल्या. सहा महिने गप्प राहा, मग खुशाल गा, म्हणाले. गाठी विरल्या, पण तू गायली नाहीस. आईचा गळा माझ्या नशिबात नाही, एवढंच बोललीस आणि लांबची नोकरी घेतलीस. तेव्हापासून तुझ्या पत्रांत खुशाली असते, हवापाणी असतं. गाण्याचा शब्द पहिल्यांदा आला तो गेल्या महिन्यात, तोही लेकीसाठी.

हे काल कळलं असं वर लिहिलंय, ते अर्धंच खरं. किती फरक होता, ते काल कळलं. फरक आहे हे मला तुझा आवाज बसला त्याच आठवड्यात समजलं होतं. मी मशीन उघडलं, जुनं चाक शेजारी धरून पाहिलं (माझं मोठं, म्हणून टेप जोरात धावत होती आणि सूर चढत होता), आणि झाकण लावून चारही स्क्रू आवळले. तेव्हा बोललो असतो तर तू गात राहिली असतीस. आधी लाज आडवी आली, नंतर इतकी वर्षं गेली की तोंड उरलं नाही. आता तुझी लेक त्याच सुरामागे धावायला निघाली, म्हणून हे पत्र. माफी मागायला जीभ रेटत नाही. एकदा काळी चारमध्ये गाऊन बघ. भांडी घासताना तू तिथेच गुणगुणायचीस, आणि कुठे अडत नव्हतीस. तो माणूस रविवारी अकराला नवी प्रत घेऊन येतोय. मी ती अजून ऐकलेली नाही. बाबांनी शनिवारीच दाढी करायला माणूस बोलावलाय. तुझ्याकडची गाडी साडेअकराला पोचते. तोवर प्रत आणणाऱ्याला मी चहावर अडवून ठेवीन.

तुझाच,
दादा